कोन्या सरकारचं हाये हे?

'लाडक्या बहिणींनो, ई-केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद' असा निरोप मोबाइलवर आला की महाराष्ट्रातल्या बायकांना एकच प्रश्न पडतो, करायची कुठं? रामाकोन्यात त्याच्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो.

"हे कोन्या सरकारचं हाये जी?"

प्रश्न रास्त आहे. रामाकोना मध्य प्रदेशात येतं. कन्हान नदी, छिंदवाडा-नागपूर रस्ता, सौंसर तालुका, पांढुर्णा जिल्हा. घरात मराठी, कचेरीत हिंदी. सोयरीक सावनेर, काटोल, नागपूरकडची, आणि जमिनीचा कागद मात्र भोपाळच्या ताब्यातला. सोयरे आले की त्यांचे निरोपही आलेच. त्यामुळे इतरांच्या मोबाइलवर एका सरकारची माहिती आदळते, रामाकोन्याच्या मोबाइलवर दोन सरकारांची आदळते, आणि दोन्ही सरकारं बोलघेवडी आहेत.

हिशेबच मांडून पाहावा. मध्य प्रदेशची 'लाडली बहना' योजना 2023 ची. जूनमध्ये पहिले 1000 रुपये जमा झाले, ऑक्टोबरपासून त्याचे 1250 झाले. महाराष्ट्राने 2024 मध्ये 'माझी लाडकी बहीण' आणली, ती 1500 ची. मग तिकडच्या निवडणुकीत 2100 चं आश्वासन निघालं. इकडे 3000 चं आश्वासन त्याआधीच निघून बसलं होतं. म्हणजे एकाच मोबाइलमध्ये 1000, 1250, 1500, 2100 आणि 3000 असे पाच आकडे गुण्यागोविंदाने नांदू लागले, आणि प्रत्येकाच्या खाली 'ही माहिती सर्व भगिनींपर्यंत पोचवा' असा आग्रह. तरी एक सोय होती. 1250 दिसले की आपले, 1500 दिसले की तिकडचे, एवढं लक्षात ठेवलं की भागत असे. नोव्हेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशानेही हप्ता 1500 केला, आणि ओळखीची ती शेवटची खूणही पुसली गेली.

त्याच सुमारास महाराष्ट्रात ई-केवायसीची मुदत चालू होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि वाढल्याचा प्रत्येक निरोप न चुकता सीमा ओलांडून आला. अशा वेळी कियोस्कवाल्या पोराची परीक्षा असते. कियोस्क म्हणजे बँकेचं ते छोटं दुकान, जिथं अंगठा लावून पैसे निघतात.

"बाई, हे तिकडलं हाये. तुमचं समग्रवालं मागंच झालं."

"मंग हे शेवटची तारीख काऊन म्हनते?"

"ते तिकडल्या बायांची शेवटची तारीख हाये."

"माही बहीन काटोलले हाये. तिची हाये का मंग?"

"हो, तिची हाये."

"मंग तिले पाठवून देतो."

बहिणीनेच तो पाठवलेला असतो. पण तो भाग वेगळा.

'समग्र' ही काय भानगड, हे काटोलच्या बहिणीला सात जन्मात कळणार नाही. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकडी समग्र आयडी असतो. रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन, लाडली बहना, सगळं त्या आकड्यावर चालतं. आधारचे बारा, समग्रचे आठ, समग्रचेच नऊ, मोबाइलचे दहा आणि खात्याचा नंबर. हे सगळे आकडे एका प्लास्टिकच्या थैलीत ठेवून ती थैली पिठाच्या डब्यामागे ठेवणारी बाई माहितीच्या युगाला तोंड देत नाही, असं कोण म्हणेल?

पुरुषांचं प्रकरणही याच धर्तीचं. केंद्राची पीएम-किसान 6000 ची, मध्य प्रदेशची किसान कल्याण योजना 6000 ची, महाराष्ट्राची नमो शेतकरी योजनाही 6000 चीच. तिन्ही रकमा सारख्या ठेवण्यामागे सरकारांचा काही उदात्त हेतू असेल. पण सावनेरच्या साडूने 'आजच जमा झाले' असं टाकलं की रामाकोन्याचा शेतकरी दिवसभर मोबाइलकडे पाहत बसतो, आणि संध्याकाळी भोपाळचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे असं कळलं की साडूवर डाफरतो. खरं काय ते पासबुकात उमटल्यावरच मानायचं, हा बहुतेकांचा शेवटचा उपाय. बँकेचा एसएमएस आलेला असतो, पण तो इंग्रजीत असतो आणि 'अभिनंदन, आपल्याला 10 लाखांचं कर्ज मंजूर' असल्या दोन निरोपांच्या मधे दबलेला असतो.

या दुहेरी माऱ्याची मुळं मोबाइलच्या कितीतरी आधीची आहेत. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि छिंदवाडा जिल्हा त्याच राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. रामाकोना जागचं हललं नाही, राजधानी हलली. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता आणि वर्तमानपत्र यांसाठी नागपूर, आणि सही-शिक्क्यासाठी भोपाळ, ही वाटणी तेव्हापासूनची. पुढे 24 ऑगस्ट 2023 ला जामसावळीच्या हनुमान मंदिरात मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली, 5 ऑक्टोबरला जिल्हा अस्तित्वात आला, आणि सौंसर तालुका छिंदवाड्यातून उठून पांढुर्ण्यात गेला. कागदावर पुन्हा गाव हललं, जमिनीवर पुन्हा तिथंच. आता फॉर्म भरताना जिल्ह्याच्या रकान्यात काय टाकायचं यावर दोन मतं असतात, आणि दोन्ही मतं ग्रुपवर येतात.

एके काळी या भागात माहिती नॅरोगेजच्या वेगाने यायची. नागपूर-छिंदवाडा ही सातपुड्यातली छोटी गाडी 2015 च्या अखेरीला रुंदीकरणासाठी बंद झाली. ती चालू होती तोवर तिच्या वेगाची चेष्टा करणं हा प्रवाशांचा हक्क होता. पण तिचा एक फायदा कोणी मोजला नाही. अफवा तिच्यातून आली तरी दमून येत असे. डब्यात चढलेली बातमी रामाकोन्याला उतरेपर्यंत तिच्यावर दहाजणांनी शंका घेतलेली असे, आणि त्यांतला एखादा तरी 'मी कालच तिथून आलो, तसं काई नाही' म्हणणारा निघे.

जुन्या काळी अफवा नव्हत्या असं मात्र कोणी समजू नये. पोस्टकार्ड होतं. 'या पत्राच्या 21 प्रती लिहून पाठवा, अमक्याने पाठवल्या त्याला गुप्तधन सापडलं, तमक्याने पत्र फाडलं त्याचा बैल मेला.' हा मजकूर वाचला नाही असं घर त्या पिढीत विरळाच. फरक एवढाच, की पोस्टकार्ड पंधरा पैशांना असताना 21 कार्डं म्हणजे तीन रुपये पंधरा पैसे, शिवाय 21 वेळा हाताने लिहायचं. गुप्तधनाची आशा आणि बैलाची काळजी दोन्ही तिसऱ्या-चौथ्या कार्डापर्यंत टिकत, मग बोटं दुखू लागत आणि श्रद्धा आटपत असे. पुढे ढकलायला मेहनत लागणं, हीच त्या काळची गाळणी.

1979 च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा खाली येणार म्हणून देशभर घबराट झाली. कुठं पडेल ते नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून ती आपल्याच गावावर पडणार असं अनेक गावांनी परस्पर ठरवून टाकलं. कोणी कोंबड्या-बकऱ्या संपवल्या, कोणी उधारी फेडायचं थांबवलं. ती पडली पश्चिम ऑस्ट्रेलियात, आणि तिथल्या एस्परन्स गावच्या प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलरचा दंड ठोठावला. उधारी थांबवलेल्यांना ही बातमी किराणा दुकानदाराकडून कळली असणार, कारण त्या दिवशी सर्वात जास्त आनंद त्याला झाला असेल.

त्यानंतर 21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितो, ही बातमी दिल्लीतून सकाळी निघाली आणि दुपारपर्यंत देशभर फिरून परदेशातल्या देवळांतही पोचली. तेव्हा लोकांच्या हातात ना मोबाइल, ना इंटरनेट. एसटीडी बूथवर मीटरचे लाल आकडे पळत असत आणि शहाणी माणसं रात्री दर उतरण्याची वाट पाहत थांबत. त्या दिवशी मात्र भर दुपारच्या दराने लोक बोलले. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीवरून ओघळतं, असं शास्त्रज्ञांनी समजावून सांगितलं. ते स्पष्टीकरण खरंही होतं. पण त्यासाठी भर दुपारी एसटीडीचा दर मोजायला कोणी तयार झालं नसेल.

मग 5 सप्टेंबर 2016 उजाडला. जिओ सुरू झालं, डेटा आधी फुकट आणि नंतर जवळजवळ फुकट झाला. पंधरा पैसे गेले, बोटं दुखणं गेलं, एसटीडीचं मीटर गेलं. दोनच महिन्यांत नोटाबंदी आली, आणि 2000 च्या नव्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, ही बातमी गावोगाव पोचली. ती तर टीव्हीवरही झळकली. काही हुशारांनी नोट बल्बसमोर धरून चिप शोधली. पुढे 19 मे 2023 ला रिझर्व्ह बँकेने ती नोटच चलनातून मागे घेतली. चिपची चौकशी करायला नंतर कोणी फिरकलं नाही.

दर दिवाळीला नासाने टिपलेला म्हणून भारताचा रंगीबेरंगी फोटो येतो. तो दिवाळीचा नाही. वेगवेगळ्या वर्षांतल्या रात्रीच्या दिव्यांना वेगवेगळे रंग देऊन वस्ती कशी वाढली ते दाखवणारा तो नकाशा आहे. नासाने 2012 मध्ये दिवाळीच्या रात्रीचा खरा फोटो दिला, तर तो इतका साधा निघाला की कोणालाही पुढे पाठवावासा वाटला नाही. आज रात्री साडेबारा ते साडेतीन विश्वकिरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल बंद ठेवा, हा निरोपही ठरलेला. तो वाचून मोबाइल बंद करणारा माणूस शोधून सापडत नाही, कारण तो निरोप अजून पाच ठिकाणी पाठवायचा असतो.

सगळ्यांत निरुपद्रवी म्हणून ज्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, तो सुप्रभात. 2018 च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी छापली, की भारतीयांचे फोन का अडखळतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना गुलाब, उगवता सूर्य आणि चहाचा कप सापडला. भारतातल्या दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज भरते, अमेरिकेत दहांपैकी एकाची, असंही त्या बातमीत होतं. गूगलने असली चित्रं ओळखून पुसून टाकणारं अॅप काढलं. जगातल्या बड्या कंपनीचे इंजिनिअर रामाकोन्याच्या काकाजींच्या शुभ सकाळवर उतारा शोधत बसले होते, ही गोष्ट काकाजींना सांगितली तर ते म्हणतील, "होय का? मंग त्यायले बी पाठवतो." शनिवारी तर जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमंताचं दर्शन असतं, एकाच फोटोचं, सहा ग्रुपवरून, आणि ते पुसायचं म्हणजे हात धजत नाही. हनुमंताला डिलीट कसं करावं?

व्हॉट्सअॅप कंपनीनेही आपल्या परीने बांध घातले, पण ते हसण्यासारख्या कारणाने नव्हे. 2018 च्या उन्हाळ्यात पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने देशभर माणसं मारली गेली. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, 2019 मध्ये ती जगभर लावली, आणि 2020 च्या एप्रिलमध्ये फार फिरलेल्या, दोन बाणांच्या निरोपाला एका वेळी एकच दार उघडं ठेवलं. पोस्टकार्डाच्या काळात जे काम दुखणारी बोटं करत, ते आता कंपनीला सक्तीने करावं लागलं.

बागायतदाराच्या फोनमध्ये डोकावलं की हा प्रकार जवळून पाहायला मिळतो. सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा संत्र्याचा. आंबिया बहार हिवाळा सरताना फुटतो, मृग बहार पावसाळ्याच्या तोंडाला. दोन्ही बहारांत फळगळ, कोळशी, डिंक्या यांची धास्ती, आणि प्रत्येक धास्तीवर यूट्यूबवर एक तज्ज्ञ. एक म्हणतो पाणी तोडा, दुसरा म्हणतो तोडाल तर झाड जाईल, तिसरा बाटली दाखवतो आणि खाली फोन नंबर देतो. कळमना बाजारातला भाव ग्रुपवर येतो, पण तो आजचा की परवाचा ते भाव टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हवामानाचं तर विचारू नये. नागपूरचं केंद्र विदर्भाचा अंदाज देतं, भोपाळचं मध्य प्रदेशाचा, आणि ढग दोन्हीकडचे निरोप न वाचता सातपुडा ओलांडतात. एक ग्रुप यलो अलर्ट सांगतो, दुसरा ऑरेंज, आणि ऑरेंज म्हटल्यावर संत्र्याचा भाव समजून दोघंतिघं तरी तो उघडतात. वीज कुठं पडू शकते ते सांगणारं पुण्याच्या संस्थेचं 'दामिनी' अॅपही फोनमध्ये असतं. त्याची सूचना मात्र बाकीच्या सूचनांच्या गलक्यात वाजून गेलेली असते.

त्यात बोर्डोची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. डिंक्यासाठी खोडाला बोर्डोपेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. झाडावर फवारायचं बोर्डो मिश्रण वेगळं. एक किलो, एक किलो, आणि पाणी शंभर लिटर. फरक एका शून्याचा आहे, आणि फॉरवर्ड होता होता माणसाचं नाव, तारीख आणि शून्य या तीन गोष्टी सगळ्यांत आधी गळतात. दहा लिटरवालं पानांवर मारलं तर कोवळी पालवी करपते, शंभरवालं खोडाला लावलं तर ते ओघळून जातं. म्हणून जुना बागायतदार कृती कुठूनही आली तरी मिश्रण झाल्यावर त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर धरला की चुना कमी पडला, अजून घाला. पातं तसंच कोरं निघालं की फवारा. फॉरवर्डमध्ये बुडवून पाहावं असा विळा मात्र अजून कोणी काढलेला नाही. केंद्र सरकारच्या पीआयबीने 2019 मध्ये फॅक्ट चेकचा विभाग उघडला, इतरही संस्था ते काम करतात. पण त्यांचं 'हे खोटं आहे' बांधावर पोचतं तोवर फवारणी उरकलेली असते.

खरी पंचाईत खोट्या निरोपांची नाही, खऱ्यांची आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या बाजूला, खोकल्याच्या औषधाने लहान लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली. कितीतरी लेकरं उपचारासाठी नागपूरला आणली गेली, वीसपेक्षा जास्त दगावली. 'कोल्ड्रिफ' या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन सापडलं आणि 4 ऑक्टोबरला मध्य प्रदेशाने त्यावर बंदी घातली. हे सिरप देऊ नका, हा निरोप त्या आठवड्यात फोनवर आला तो लसणाने कॅन्सर बरा होतो आणि फ्रिजमधलं पाणी पिऊ नका यांच्याच रांगेत, त्यांच्यासारखाच, लाल अक्षरांत आणि तीन उद्गारचिन्हांसह. तो खरा होता. त्याला वेगळं ओळखायचं कसं, हे आईबापांनी ठरवायचं. औषधाच्या दुकानात जाऊन, बाटली काउंटरवर ठेवून, "हेच का ते?" असं विचारणारी माणसं त्या दिवसांत सगळ्यांत शहाणी.

हर्बर्ट सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्येच सांगून ठेवलं होतं, की माहिती वाढली की ती ज्यावर जगते ते कमी होतं, आणि ती जगते माणसाच्या लक्षावर. पुढे त्याला नोबेल मिळालं. त्याने हे सांगितलं तेव्हा रामाकोन्यात फोन किती होते हे मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. आता फोन घरटी दोन-तीन आहेत आणि लक्ष मात्र तेवढंच आहे, त्यातलं अर्धं गायीगुरांकडे.

तरीही या सीमेवरच्या माणसांकडे एक हत्यार आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या माणसाकडे नाही. त्यांना प्रत्येक बातमीला तिचं गाव विचारायची जुनी सवय आहे. ग्रामपंचायत, भजनी मंडळ, शाळा, समाज, संत्रा उत्पादक, नागपूरचा गोतावळा, असे ग्रुप प्रत्येकाच्या माथी आहेतच. त्यावर 'उद्या शाळेला सुट्टी' आलं की पोरगं उड्या मारतं आणि आई विचारते, "कोन्या जिल्ह्याची?" 'दहावीचा निकाल उद्या' आलं की बाप विचारतो, "कोन्या बोर्डाचा?" 2021 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात कोरोना वाढला आणि मध्य प्रदेशाने तिकडच्या बसगाड्या बंद केल्या, तेव्हा 'बस बंद' या दोन शब्दांवर कोणी विश्वास ठेवला नाही. कुठून कुठं जाणारी, कोणाची, कधीपासून, हे विचारूनच पिशवी खाली ठेवली. ही सवय कोणा तज्ज्ञाने लावलेली नाही. दोन राज्यांच्या मधे राहून दोन्हीकडच्या लग्नांना जायचं तर ती लागतेच.

बाकीचे उपाय सगळीकडे असतात तेच. ग्रुप म्यूट करणं हा त्यातला सर्वात सुसंस्कृत. ग्रुप सोडणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून ताट टाकून उठणं, 'अमुक यांनी ग्रुप सोडला' ही ओळ अॅडमिनला दिसते आणि चार दिवस "काऊन, का झालं?" ची उत्तरं द्यावी लागतात. म्यूट केलं की कोणाला कळत नाही. एका ग्रुपमध्ये आता 1024 माणसं मावतात. त्यातली निम्मी म्यूटवर असावीत असा संशय अॅडमिनला असतो, पण तो विचारत नाही, कारण तोही दुसऱ्या ग्रुपवर म्यूटवर असतो. निवृत्त गुरुजींची पद्धत याहून वरची. ते सगळे निरोप रात्री जेवणानंतर एकदम उघडतात. सकाळची खळबळ तोवर शिळी झालेली असते, दुपारचा खुलासा खाली आलेला असतो, आणि खालून वर वाचत गेलं की बातमीआधीच तिचा निकाल कळतो.

या सगळ्याचा खरा मोसम पोळ्याला येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि पांढुर्णा नि सावरगाव यांच्यात दगडांचा मारा. दरवर्षी शेकडो जखमी होतात, प्रशासन दरवर्षी समजावतं, आणि हल्ली ड्रोनने वरून काढलेले व्हिडिओ दुपारच्या आत जगभर जातात. मग पुण्याहून भाच्याचा फोन येतो.

"मामाजी, तुम्ही बरे आहात ना? केवढी दगडफेक चालली आहे तुमच्याकडे!"

"अरे ते पांढुर्ण्याले हाये. आमी रामाकोन्याले."

"पण जिल्हा तोच झाला ना आता?"

"जिल्हा झाला म्हून दगड इतक्या दूर येतेत का बाप्पा?"

भाचा पाहत असलेला व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा निघतो. त्यातल्या जखमींची डोकी केव्हाच भरून आलेली असतात.

त्याच दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवणुकीने निघतात. काळी आणि पिवळी मारबत ही एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा. त्यांच्याबरोबर बडगे असतात, त्या-त्या वर्षी लोकांच्या डोक्यात बसलेल्या गोष्टींचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, शेजारचा देश, जे नको असेल त्याला गावाबाहेर नेऊन जाळायचं. रोगराई, खोकला, इडापिडा सगळं मारबतीसोबत जावं म्हणून लोक गर्दी करतात आणि विदर्भाच्या खेड्यांतही पोरं सकाळी ओरडत फिरतात. फेसबुक यायच्या शंभरहून अधिक वर्षं आधी नागपूरकरांनी वर्षभराचा संताप एका दिवसात रस्त्यावर आणून राख करण्याची सोय करून ठेवली होती. वर्षाचा राग, एक दिवस, एक काडी.

आता मिरवणुकीत मारबतीपेक्षा उंच हात मोबाइल धरलेले असतात. पुतळा जळतो, पण त्याआधी तो चार बाजूंनी टिपला जाऊन भजनी मंडळ, संत्रा उत्पादक आणि समाज अशा सगळ्या ग्रुपवर पोचलेला असतो. इडापिडा नागपूरच्या वेशीबाहेर जाळली आणि रामाकोन्याच्या फोनमध्ये 14 एमबी जागा अडवून बसली. मामाजी तो व्हिडिओ भाच्याला पाठवतात. दोन निळ्या खुणा उमटतात, बराच वेळ 'टायपिंग' दिसतं, आणि मग पुण्याहून उत्तर येतं, "मामाजी, हे कोणत्या वर्षीचं आहे?"